रेवणप्पांची लेक

जिल्हा कचेरीतले धोंडप्पा वाचता वाचता थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, तरी पुढे वाचेनात.

"वाचा की, काका," उमाबाई म्हणाली.

"बाई, शाई पुसट हाय. लागंना मला."

शाई चांगली ठसठशीत होती. उमाबाईला उर्दू येत नसलं तरी डोळे होते.

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली, तरी जुन्या जिल्ह्यातली दफ्तरं ट्रंका भरभरून येतच होती. त्यातच निजामाच्या तुरुंगातल्या कैद्यांची ही वही निघाली. मुक्तिकन्या मंडळाला ती हवीच होती. निजामाविरुद्ध जे लढले, त्यांच्या लेकी-नातींचं हे मंडळ. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन करायचं, शाळाशाळांतून लढ्याच्या गोष्टी सांगायच्या, आणि यंदा दुष्काळ म्हणून टँकरवर पाणी वाटायचं. शाळेत बाई असलेली उमाबाई मंडळाची चिटणीस. कागदाशिवाय कुणाला सभासद करायचं नाही, हा नियम तिचाच. टँकरवर रोज राबणाऱ्या गुणाबाईला तिने दोनदा परत पाठवलं होतं. गुणाबाईचा बाप म्हणे सरहद्दीवर लढणाऱ्यांच्या कॅम्पात भाकऱ्या पोचवायचा. म्हणे! कागद कुठे होता?

"काका, वाचा."

"रेवणप्पा वल्द वीरभद्रप्पा," धोंडप्पांनी खालमानेने वाचलं. "अकराव्या दिवशी माफीनामा लिहून दिला. सुटका." मग हळूच म्हणाले, "हापिसात उर्दू वाचणारा मी एकटाच उरलो. मी वाचलंच न्हाई समजा. झालं."

आपल्या अप्पांनी, म्हणजे रेवणप्पांनी, आठ महिने तुरुंग भोगला, असं उमाबाई बारा वर्षं व्यासपीठावरून सांगत आली होती. 'त्यांनी पेन्शनचा अर्जसुद्धा केला नाही, एवढे निःस्वार्थी,' हे तर तिचं पेटंट वाक्य. टाळ्या हमखास. सगळा जन्म लातुरात काढूनही घरी येताना ती दोनदा भलत्याच गल्लीत शिरली.

तिची आई, नागम्मा अव्वा, डाळ निवडत बसली होती. उमाबाईने चपलासुद्धा न काढता विचारलं. अव्वाचे हात थांबले नाहीत.

"तू पोटात होतीस. सातवा महिना. अंगावरून जायला लागलं होतं माझ्या. मीच निरोप धाडला, काय लिहायचं ते लिहा आन या."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? त्यांनी जनमभर त्या पेन्शनीच्या फारमाला हात लावला न्हाई. लोकच म्हनले, लई मोठा माणूस. तू बी म्हनलीस. मंग तोंड कुनी उघडायचं?"

उमाबाईला अप्पांचा राग यायला हवा होता. तो काही येईना. आला तो स्वतःचाच, आणि असा की तिला घरात बसवेना. कुलूप लावलेल्या शाळेपर्यंत ती उगाच जाऊन आली.

संध्याकाळी मंडळाच्या सभेत तिने सगळं सांगितलं, सभासदांच्या वहीतलं आपलं नाव आपल्या हाताने कापलं आणि गुणाबाईचं सुचवलं. अध्यक्षा रुद्राणीबाई उठूनच उभ्या राहिल्या.

"येड लागलं का तुला? धोंडप्पाकाका बोलनार न्हाईत, आमी बोलनार न्हाई. आन गुणाबाईचा कागद कुठाय? नियम तुझाच हाय ना?"

तिचं नाव गेलं आणि गुणाबाईचं काही आलं नाही.

सतरा सप्टेंबरला सकाळी मैदानावर मंडळाच्या पांढऱ्या साड्यांची रांग लागली. टँकरही नेमका तेव्हाच आला, त्यामुळे झेंडावंदनासाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे घागरींची दुसरी रांग. उमाबाई त्या रांगेत येऊन उभी राहिली. गुणाबाई पाइप धरून होती. ती चपापलीच.

"बाई, तुमी हितं? तुमची जागा म्होरं हाय की."

"माझं नाव निघालं."

"का वं? तुमचा बी कागद सापडंना का?"

"सापडला गं," उमाबाई म्हणाली.

गुणाबाईने टँकरची तोटी बंद केली. समोर झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं. गुणाबाईने पायाशी असलेली घागर उचलून मागे ठेवली आणि उमाबाईला आपल्या शेजारी उभं राहायला जागा करून दिली.