न आलेले हात

मित्रांनो, हात पुढे करा. घाबरू नका, आवळणार नाही. मी बीपीचे जुने मशीन आहे. माझ्या पट्ट्यात आता हवा टिकत नाही.

कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत पारा भरला आणि मी थेट दवाखान्याच्या टेबलावर आले. सिस्टर फुगा दाबायच्या. पारा चढायचा, थबकायचा, उतरायचा. "जुनं आहे, पण थापा मारत नाही," डॉक्टर कौतुकाने म्हणायचे.

मग नवी गोळी आली. गोळीआधीचे आणि महिन्यानंतरचे बीपी, शिवाय काही तक्रारी असल्या तर त्याही वरच्या ऑफिसला कळवायच्या होत्या. सिस्टर दोन्ही वेळा आलेल्यांचेच आकडे कळवायच्या.

"जो आलाच नाही, त्याचं काय लिहू? माझं कपाळ?"

न आलेले हात मला आठवत. शिंप्याचा, सुईने टोचलेला. त्याची शेजारीण पट्टा बांधल्यावर सांगू लागली, "शिंपीकाकांना त्या गोळीनं उठलं की गरगरतं, म्हणून ते..."

"बोलू नका हो मावशी. बोललं की बीपी वाढतं."

खरेच वाढते. म्हणून सगळे गप्प बसत. पट्टा सुटेपर्यंत पुढचा माणूस खुर्चीजवळ आलेला असे.

एकदा गवंडी आला. चुन्याने फुटलेला हात.

"डॉक्टर, मी परांचीवर चढतो. या गोळीनं चक्कर-बिक्कर नाही ना येणार?"

डॉक्टरांनी ऑफिसकडून आलेला अहवाल पाहिला. "सगळ्यांचं बीपी उतरलंय. चक्कर आल्याची तक्रार एकाचीही नाही."

"तुम्ही म्हणताय म्हटल्यावर झालं."

डॉक्टर खोटे बोलले नव्हते. तिथे तसेच छापलेले होते.

पुढच्या महिन्यात गवंड्याची बायको आली. सिस्टरने पट्टा बांधला.

"ताई, गोळी घेतली की त्यांचे डोळे फिरायचे. तरी कामावर गेले. परांचीवरून..."

"बोलू न..."

फुगा सिस्टरच्या हातातच राहिला. माझी हवा सावकाश निघून गेली. आकडा मिळालाच नाही.

त्या महिन्याच्या अहवालातही सगळे सुधारले होते. गवंडी त्यात नव्हता. तो दुसऱ्यांदा आलाच नव्हता ना.

आता टेबलावर नवे मशीन आहे, आपोआप फुगणारे. मी कपाटात, तुटक्या स्टुलाशेजारी. दाराच्या फटीतून तेच ऐकू येते: बोलू नका.

मित्रांनो, सगळे बरे झाले असे कुणी सांगितले, तर जे परत आले नाहीत त्यांच्याबद्दल विचारा. त्यांच्या घरी जा. आणि आता हात पुढे करा. मी काही मोजणार नाही.

बोला.