फुंकरीच्या पाण्याचा कटोरा

मित्रांनो, फरीदाबींच्या फळीवर पालथा पडलेला तो काळपट तांब्याचा कटोरा दिसतो ना, तोच मी. बीडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. माझ्या काठावर अजून त्याच्या हातोडीच्या खुणा आहेत.

माझे काम फार गोड होते. घरात कुणी आजारी पडले की फरीदाबी मला पाण्याने भरून संध्याकाळी मशिदीच्या दारात उभ्या राहायच्या. नमाज आटोपून बाहेर पडणारा प्रत्येक जण दुवा म्हणून माझ्यातल्या पाण्यावर हलकी फुंकर घालायचा. कुणाच्या हाताला अत्तराचा वास, कुणाच्या हाताला गॅरेजच्या तेलाचा. अनोळखी माणसाच्या बरे होण्यासाठी थांबलेले ते श्वास मला अजून आठवतात. शेजारपाजारच्या हिंदू बायकाही मला मागून न्यायच्या.

एकदा शेळ्या राखणाऱ्या रतनबाई आल्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, सुग्रीवभाऊ हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात होते.

"फरीदाबी, तुमचा कटोरा द्या की. जीव लई घाबरतोय."

"घेऊन जा माय, इचारतीस काय!"

संध्याकाळी रतनबाईंनी मशिदीच्या दारातून पाणी आणले आणि फडके झाकून मला दवाखान्यात मालकांच्या खाटेखाली ठेवले. ऑपरेशनआधी पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असे सिस्टरने बजावले होते. रतनबाईंनी ते मनापासून पाळले. खाटेजवळच्या पिण्याच्या तांब्यातल्या पाण्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. पण सकाळी त्यांनी मला उचलले आणि सगळे पाणी मालकांना पाजले. त्यांच्या लेखी ते पाणी नव्हतेच.

थोड्या वेळाने समिना सिस्टर आल्या. "काका, सकाळपासून काही खाल्लं, प्यायलं?"

"न्हाई जी. आमच्या शेळ्या बी इतक्या उपाशी ऱ्हात न्हाईत!" सुग्रीवभाऊ हसले. ते खोटे बोलत नव्हते.

मित्रांनो, तेव्हा मला वाचा हवी होती. स्ट्रेचर आले. मी खाटेखाली ओला पडून होतो. दुवा म्हणून मालक प्यायले ते पाणीच होते, हे फक्त मलाच कळत होते आणि मला तोंड असून जीभ नव्हती.

एवढ्यात स्ट्रेचरचा धक्का लागून मी खणकन घरंगळलो. सिस्टरनी मला उचलले. त्यांची बोटे ओली झाली.

"मावशी, यातलं पाणी कुठं गेलं?"

"ते पाणी न्हाई माय, दुवा हाय. मालकांना दिली."

सिस्टरनी स्ट्रेचर थांबवले. "मावशी, भूल दिल्यावर पोटातलं पाणी छातीत उतरतं. माणूस दगावतो. ऑपरेशन आता दुपारी."

रतनबाईंनी मालकांचा हात धरला. "माझ्याच हातानं घात झाला असता की वो!"

आता मला बाहेर फेकतील, असे वाटले. पण सिस्टरनी मला पुसले आणि सुग्रीवभाऊंच्या उशाशी सुलटे ठेवले. "रिकामा ऱ्हाऊ द्या. दुवा सांडत न्हाई. डॉक्टर पाणी द्या म्हणले की पहिला घोट यातूनच."

ऑपरेशन नीट झाले. परवानगी मिळाल्यावर रतनबाईंनी माझ्यातून चमच्याने पाणी पाजले. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

गल्लीत मात्र बोभाटा झाला, की कटोऱ्याने माणूस मारला असता. फरीदाबींनी मला फळीवर पालथे घातले. आता बायका मशिदीच्या दारात प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन उभ्या राहतात.

परवा सुग्रीवभाऊ शेळीचे दूध घेऊन आले. वर पाहून म्हणाले, "फरीदाबी, कामून पालथा घातला याला?"

"भ्या वाटतं, भाऊ."

"सिस्टरनं इचारलं तवा आमी सांगितलं न्हाई. त्यात त्याचा काय गुन्हा?"

फरीदाबींचा हात फळीपर्यंत आला. माझ्या काठाला बोटे लागली. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले आणि हात परत गेला.

मित्रांनो, आजाऱ्यासाठी जरूर दुवा मागा. पण त्याला काय दिले ते डॉक्टरांना सांगा. तीर्थ असो, अंगारा असो, की माझ्यातले पाणी. आणि कधी फरीदाबींच्या घरी गेलात तर मला सुलटा करून ठेवा. संध्याकाळची अजान मला इथेही ऐकू येते. पालथ्या कटोऱ्यात फुंकर मावत नाही.