बुडासकट विंटरबॉटम

मी एक आडनाव बोलतोय. आवाज कुठून आला म्हणून असे दचकू नका. दचकायची सवय खरं तर माझी. शाळेत हजेरी सुरू झाली की मी कान टवकारायचो. वॉकर, वेब, व्हाइट, इथवर वर्ग शांत. मग मास्तर 'विंटर' म्हणून जरासे थांबायचे, आणि 'बॉटम' म्हणेपर्यंत मागच्या बाकांवर खसखस पिकलेली असायची.

कारण बॉटम म्हणजे बूड. माणूस ज्यावर बसतो ते. आणि विंटर म्हणजे हिवाळा. आता जोडा तुम्हीच, आणि हसून घ्या. मी थांबतो.

झालं? मग ऐका.

मी जन्मलो तेव्हा कोणीही हसलं नव्हतं. इंग्लंडातल्या लँकेशरच्या डोंगरांत एक खोल दरी आहे. वर माळावर वारा असा की उभ्या माणसाला आडवं करील. थंडी पडली की गुरंमेंढरं खाली उतरवून त्या दरीच्या तळाशी आणायची. तिथे वारा लागत नाही, झरा गोठत नाही. भांड्याला बूड असतं, डोंगराला बूड असतं, तसं दरीलाही असतं. हे हिवाळ्याचं बूड. तिथे एक जॉन राहायचा. त्या काळी गावात जॉन इतके की एकाला हाक मारली तर निम्मं गाव मान वळवायचं. मग लोक म्हणू लागले, "अरे तो नव्हे, तो विंटरबॉटमचा जॉन." हेच माझं बारसं.

मी थट्टा नव्हतो. मी पत्ता होतो! बर्फात वाट चुकलेल्याने 'कुठे जाऊ' असं विचारलं, तर सांगावा असा पत्ता. पुढे कधीतरी माणसांनी तो शब्द दरीतून उचलला आणि स्वतःच्या मागच्या बाजूला नेऊन चिकटवला. यात माझा काय गुन्हा?

माझे काही भाऊबंद मात्र भ्यायले. शहरात जाऊन जरा बरे दिवस आले की त्यांनी 'बॉटम'चं 'बॉथम' करून टाकलं. इंग्रजी स्पेलिंगात एक 'एच' घुसवला आणि बूड झाकलं. वरून नाक वर करून चालतात ते वेगळंच.

मी तसाच राहिलो. एलिस विंटरबॉटम नावाच्या मेंढपाळाकडे, त्याच दरीत. त्याची बायको वारलेली. घरात तो, त्याची थोरली बहीण हिल्डा आणि एकुलती एक मुलगी ग्लेनिस. तिच्यानंतर मला चालवणारं कोणीच नाही, हे मला ठाऊक होतं.

ग्लेनिस खाली गावातल्या सूतगिरणीत फोन घ्यायची. "कोण बोलतंय?" "मिस विंटरबॉटम." पलीकडे खोकल्यात लपवलेलं हसू. रोज. मी तिच्या ओठांवर यायचो तेव्हा तिचा आवाज लहान लहान होत जाई. मला राग यायचा. तिचा नाही, त्या खोकल्याचा.

मग तिचं ट्रेवर फेअरक्लफशी जमलं. पोरगा भला, बसचा ड्रायव्हर. त्याच्या आईने एलिसला आणि ग्लेनिसला चहाला बोलावलं. टेबलावर डब्यातल्या सामन माशाची सँडविचेस, म्हणजे बाईंनी मोठाच थाट मांडला होता.

"लग्नाआधी चर्चमध्ये नावं वाचतील ना," मिसेस फेअरक्लफ म्हणाल्या, "तेव्हा 'विंटरबॉथम' वाचायला सांगू या का? बरं वाटतं कानाला. आमच्याकडची चार माणसं येणार, नाही म्हटलं तरी..."

"आई, राहू दे ना," ट्रेवर पुटपुटला.

"मी काय वाईट बोलले? एलिस, तुमची काही हरकत?"

एलिसने कपाकडे बघितलं. "नाव पोरीचं आहे. तिला विचारा."

ग्लेनिस खाली मान घालून म्हणाली, "चालेल."

मी हबकलोच. आणि कोणाच्या सांगण्यावरून? फेअरक्लफच्या! अहो बाई, तुमच्या नावातला 'क्लफ' म्हणजे काय? घळ! गोजिरी घळ, एवढाच तुमचा अर्थ. तुम्ही दरी, मीही दरी. फरक इतकाच की तुमचा शब्द कोणाच्या अंगावर चिकटला नाही.

घरी परत येताना एलिस दरीच्या तोंडाशी थांबला. मग म्हणाला, "पोरी, हिवाळ्यात मेंढरं कुठे उतरवू मग? विंटरबॉथममध्ये? तिकडची वाट मला माहीत नाही."

"बाबा, तुम्हाला फोनवर बोलावं लागत नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. ग्लेनिसने चर्चच्या पाळकसाहेबांना 'विंटरबॉथम' वाचायचा निरोप दिला.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं सगळ्यांदेखत वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात. पहिल्या रविवारी हिल्डा आत्या ठेवणीतली टोपी घालून पुढच्याच बाकावर बसल्या. कान अधू, पण भाचीचं नाव चर्चमध्ये वाचलं जाणार म्हणून शेजारणीला कोपराने ढोसत होत्या.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "ट्रेवर फेअरक्लफ आणि ग्लेनिस विंटरबॉथम यांचा विवाह योजला आहे. यात कोणाला काही अडचण ठाऊक असेल, तर त्यांनी आताच सांगावं."

मला वाटलं, संपलो. इतक्या वर्षांच्या थंडीत टिकलो आणि एका अक्षराने मेलो.

तेवढ्यात हिल्डा आत्या कुजबुजल्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसाची कुजबूज ती, शेवटच्या बाकापर्यंत पोचली. "कोणाचं गं लग्न? आपल्यातले नाहीत वाटतं. आपल्या ग्लेनिसचं कधी वाचणार?"

एलिसने टोपी हातात घट्ट धरली. ग्लेनिसने आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. आत्या खरंच वाट बघत होत्या, उत्सुकतेने, लहान मुलासारख्या.

ग्लेनिस उभी राहिली.

"हरकत आहे," ती म्हणाली.

ट्रेवर पांढराफटक. "ग्लेन! कालच्या पबवरून का? मी माफी मागितली ना!"

"गप रे. पाळकसाहेब, हरकत मुलीबद्दल आहे. तुम्ही वाचलीत ती बाई कोण, मला माहीत नाही. ट्रेवरचं लग्न मी तिच्याशी होऊ देणार नाही."

"म... मग काय वाचू?"

"माझं नाव. बुडासकट."

पाळकसाहेबांचे कान लाल झाले, पण त्यांनी वाचलं. खणखणीत. सगळं चर्च हसलं. मिसेस फेअरक्लफनी डोळे मिटून घेतले. हिल्डा आत्या टाळी वाजवून म्हणाल्या, "आता कसं! ही आपली!" एलिस तेवढा हसला नाही. रुमाल काढून नाक शिंकरत राहिला. आणि ग्लेनिस? ती सगळ्यांबरोबर हसत होती. माझ्यापायी ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

रीतीप्रमाणे लग्नानंतर ती मिसेस फेअरक्लफ झाली. एलिस आणि आत्या आता नाहीत. दरीच्या फाटकावरची माझी पाटी गंजली आहे. पण इकडे आईकडचं आडनाव मुलाच्या नावात मध्ये घालायचीही रीत आहे. बाळाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मधलं नाव वाचतं कोण?"

"मी वाचेन," ग्लेनिस म्हणाली.

त्या मुलीचं नाव जोन विंटरबॉटम फेअरक्लफ. दोन दऱ्या शेजारी शेजारी. ती शाळेत गेली, हजेरीत हसू झालं, तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि विचारलं, "काय?"

तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा. माझी एवढीच मागणी आहे, घाईघाईत पहिलं आणि शेवटचं वाचून मला गाळू नका. मी मध्येच आहे. बूड टेकून बसलोय, आणि उठणार नाही.