अर्धं ब्लेड

"शिवराम, बोर्ड रिकामा करा. दोन वाजता माणसं येतील उचलायला. उद्यापासून तुम्ही स्टोअरला," शंकरराव म्हणाले. आमचे चीफ ड्राफ्ट्समन ते. माझ्याकडे न बघता बोलले.

अंबरनाथच्या आनंदनगरात आमची पंपांची कंपनी. बावीस वर्षं त्या ड्रॉइंगच्या बोर्डावर वाकलो. शाईची रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं अशी खरवडायचो की साहेबाला जागा सापडू नये. आता शहाण्णव साली केबिनमध्ये कॉम्प्युटर आलाय. त्याला एसी, त्याच्या दारात चपला काढायच्या. आम्ही इतकी वर्षं पंख्याखाली घाम पुसत बसलो, ते कुणाला दिसलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत टर्नर बबननं विषय काढला. "पोरीच्या इंजिनीअरिंगचं काय? उद्या फॉर्मची लास्ट डेट ना?"

"मेकॅनिकल. मीच भरला फॉर्म, माझ्या अक्षरात."

"बेस्ट! कॉम्प्युटर म्हणजे दोन दिवसांचं फॅड. लाइट गेली की बोंबला! लोखंड कुठं जातंय?"

हे माझंच बोलणं. वर्षभर मीच सगळ्यांना ऐकवत होतो. घरी पोरीला, अंजनालाही.

जेवून केबिनशी गेलो, चपला काढल्या. नवीन इंजिनीअर वृंदा मॅडम स्क्रीनवर ड्रॉइंग करत होत्या. अंजनापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल पोरगी.

"काका, हे भोक सरकवायचंय. बघा हं."

सरकलं. मागे ओरखडासुद्धा नाही. मला अर्धा दिवस लागायचा. राग यायला हवा होता, पण अहो, इतकं देखणं काम! बघतच राहिलो. मग त्या खुर्चीत अंजना दिसली. मी तिला कुठं पाठवायला निघालो होतो?

साडेपाचला घरी पोचलो. "अंजे, खरं सांग. तुला काय घ्यायचं होतं?"

ती आईकडे बघायला लागली. "सांग की आता," सरस्वती म्हणाली.

"कॉम्प्युटर. पण पप्पा, तुम्ही इतकं बोलायचात... राहू द्या ना. शाईनं लिहिलंय. खाडाखोड केली तर फॉर्म बाद. दुसरा देत नाहीत."

मी पिशवीतून ब्लेड काढलं, फॉर्म घेऊन खिडकीशी बसलो. मग एकेक अक्षर हलक्या हातानं खरवडलं, फुंकर मारली, नखाच्या पाठीनं कागद घोटला. मेकॅनिकल गेलं. त्याच जागी, ड्रॉइंगवर घालतो तशा सरळ अक्षरांत, कॉम्प्युटर लिहिलं.

अंजनानं फॉर्म उजेडात धरला, उलटसुलट पाहिला. "पप्पा, काहीच कळत नाही! कुणी काही केलंय असं वाटतच नाही."

"तेच तर काम आपलं," मी म्हणालो.

ब्लेड कागदात गुंडाळलं, सवयीनं पिशवीत ठेवलं. मग आठवलं, उद्या स्टोअरला जायचंय. परत बाहेर काढलं आणि अंजनाच्या कंपासपेटीत ठेवून दिलं.