सोळावं घर

डब्यात अकरा करंज्या होत्या, केकचे नऊ तुकडे, रव्याचे चार लाडू आणि तळाशी शंकरपाळ्यांचा चुरा. पंधरा घरं झाली होती आणि पाळक शमुवेल उमाप यांनी त्यातला कणही तोंडात टाकला नव्हता.

"दुकान टाका आता," भोसरीत रिक्षातून उतरताना त्यांची बायको मार्था म्हणाली.

"नाव काय द्यायचं?"

"उपाशी पाळक."

ते हसले, पण पाय टेकताच थांबले. डाव्या अंगठ्याची जखम दीड महिना भरत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चोवीसला सकाळी उपाशीपोटी साखर दोनशेच्या आत असेल तर नाताळची उपासना घ्या. वर गेली तर थेट ॲडमिट." आज, तेवीसला, ती एकशे सत्त्याऐंशी होती. बावीस वर्षांत त्यांनी एकही नाताळ चुकवला नव्हता.

नाताळाआधी चर्चच्या मंडळीतल्या घरोघरी जाऊन प्रार्थना करायची रीत होती. लोक वर्षभराची माया बशीत घालून पुढे करत. "पाळकसाहेब, आमच्यासाठी किती करता तुम्ही!" नको म्हटलं की चेहरे उतरत. म्हणून यंदा मार्थाने डबा काढला होता.

सोळावं घर विक्कीचं. चाकणला कंपनीत कंत्राटावर होता. दोन वर्षं त्याने पाळकांना दार उघडलं नव्हतं. त्याच्या आईने शेवटच्या दिवशी प्रभुभोजन, पाळकांच्या हातची मोडलेली भाकर आणि द्राक्षारस, मागितलं, तेव्हा उमाप पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत होते. यजमान केक कापल्याशिवाय सोडेनात. ते चाळीस मिनिटं थांबले. भोसरीत पोचले तेव्हा म्हातारी गेली होती. "उशीर कशानं झाला?" विक्कीने विचारलं होतं आणि उमापांनी खरं ते सांगितलं होतं.

आज त्याच्या बायकोनेच, अपेक्षाने, फोन करून बोलावलं होतं. विक्की कंपनीच्या कपड्यांतच कॉटवर बसला होता. प्रार्थनेला उभा राहिला, डोळे मात्र मिटले नाहीत. अपेक्षाने बशी आणली. तीन करंज्या. मार्थाने सवयीने डब्याचं झाकण काढलं.

"हे काय?" विक्की म्हणाला.

"घरी निवांत खातील रे."

"इथं का न्हाई? सोसायटीतला केक बसून खाल्ला की. आमची करंजी डब्यात व्हय?"

"अहो, काय बोलताय!" अपेक्षा म्हणाली.

"खोटं बोलतोय का? आई करायची तशाच केल्यात हिनं. ती गेल्यापासून पहिल्यांदा."

"अरे, त्यांना..." मार्थाने सुरुवात केली.

"मार्था," उमाप म्हणाले, "डबा बंद कर."

त्यांनी एक करंजी घेतली. सारण गच्च होतं. खोबरं कमी, साखरच जास्त. ती संपवून दुसरी घेतली. विक्की बघत होता. मग त्याने तिसरी उचलली, मोडली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

दारापर्यंत तो सोडायला आला. तेव्हा त्याचं लक्ष पायाच्या पट्टीकडे गेलं.

"लागलं का कुठं?"

"जुनं आहे."

"पंचवीसला येतो आमी. शिफ्ट बदलून घेतलीय. पुढं बसू."

"या."

रिक्षा थांबली तशी मार्थाने डबा आत ठेवला. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याला समजलं नसतं का?"

"समजलं असतं."

"मग?"

ते रिक्षात बसले. पाय उचलून आत घ्यायला त्यांना दोन्ही हात लागले.

"किती खाल्ल्यात?"

"अडीच."

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मार्थाने सुई टोचली. खुंटीला उपासनेचा पांढरा झगा इस्त्री करून टांगलेला होता. उमापांनी बोट दाबून थेंब पट्टीवर लावला. यंत्राने पाच सेकंद घेतले. मार्थाने चष्मा लावून आकडा वाचला.

दोनशे एकोणतीस.