देवराईच्या कडेला

थंडीत लोणावळ्यात स्वेटर विकणारी तिबेटची डोल्मा तापानं फणफणली, तवा मी तिला आमच्या वाडीवर आणलं. ती बरी झाली, पर तेवढ्यात तिची या देशात राहायची मुदत संपली. पोलीस जमादार भिमाजी हुकूम घेऊन आला. बाईला सरहद्दीपार धाडायचं म्हणं.

"तितं हिच्या नवऱ्याला गोळी घातली. हिला काय ओवाळणार हायेत?" मी इचारलं.

"चिमामावशी, माज्या हातात काय न्हाई."

मी डोल्माचा हात धरला आन् तिला देवराईत नेऊन बसवलं. भिमाजी कडेलाच थबकला. तोबी मावळातलाच. शिकारीत सांबर एकदा देवराईत शिरलं, की आमच्यात हाकारे थांबतात आन् कुत्रीबी मागं वढतात, हे त्याला सांगायला नको.

"मावशी, हे जनावर न्हाई," तो म्हणला.

"मग तर जास्तच लाज वाटाय पायजे! काढ बूट, ये आत, आन् देवाला सांग, हिला कुणाच्या तोंडी देतोस ते."

त्यानं खरंच बूट काढले. आत जाऊन शेंदराच्या दगडापुढं उभा राह्यला. हातातला हुकूम घडी करून खिशात घातला. भाईर येऊन हळूच म्हणला, "उद्या वडगावला वकील गाठा. हिच्या जिवाला धोका हाय म्हणून कोर्टाकडनं मनाई मागा. ती मिळाली, तर निकाल लागेस्तवर हिला कुणी हलवणार न्हाई."

"व्हय?" मी म्हणलं. "म्हंजे आमच्या आज्या-पणज्याला ठावं होतं, ते तुमचं कोर्टबी शिकलं म्हणायचं."