तिसऱ्या पिढीचं भात

विजयसिंहानं माझं बियाणं चोरलं, तवा मी बोंब मारली न्हाय. गाव म्हणालं, नजीरा भ्याली. भिते कशाला? त्यानं काय नेलंय, ते मला ठाऊक हुतं.

आमच्या आजऱ्याचं जुनं भात वासाचं, पण छातीएवढं वाढतंय आणि वाऱ्यापावसात भुईसपाट हुतंय. मला ठेंगणं पायजे हुतं, वास मात्र तोच. उकिडवं बसून चिमट्यानं जुन्या भाताच्या फुलातलं नर काढलं, त्यावर बुटक्या वाणाचा पराग झाडला. त्या बियाणातनं तीन वर्सं निवड करतेय. वास गावला तर ताट उंच, ताट बुटकं तर वास न्हाय.

विजयसिंह शाहूपुरीतला बियाणाचा दुकानदार. 'भाभी, भाभी' करत माझ्याकडं जेवला आणि मळणी झाल्यावर खळ्यावरचं पोतं उचललं. खाल्ल्या घरचं वासं मोजणारा मेला. जाब विचारला तर म्हणतोय, "भाभी, बायकांच्या हातनं कुठं वाण हुतोय व्हय?" त्या बियाणाला त्यानं पोराचं नाव दिलं, 'राजवीर'.

तो बोल मला लई झोंबला. पण शहाण्यानं नेलं ते तिसऱ्या पिढीचं. दाणा दिसायला सारखा, आत आईबापाचं गुण अजून पत्त्यागत पिसलं जात असतेत. सात-आठ पिढ्या निवडल्याबिगर पीक एकसारखं येत न्हाय. मला सांगता आलं असतं. न्हाय सांगितलं. म्हटलं, लाव लेका, पाच एकर लाव.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं शेताच्या बांधावर मांडव घालून वाण दाखवाय शेतकरी बोलावलं. मी मुद्दाम पुढं जाऊन हुभी ऱ्हायले. एक ताट कमरेला, एक छातीला. एक पिकलेलं, शेजारचं हिरवंगार. म्हातारं गणपतराव म्हणालं, "पावणं, ह्यो वाण हाय का आठवड्याचा बाजार?" सगळी हसाय लागली.

विजयसिंह माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "तुम्हाला म्हाईत हुतं."

"व्हय की," मी म्हटलं. काळजात गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी शेतात शिरले. वास आणि बुटकेपण माझ्या दोन गुंठ्यांत न जुळलेलं, एवढ्या गर्दीत एखाद्या ताटात जुळलं असंल. दुपारपातूर बुटक्या ताटांचा एकेक दाणा चावून बघितला. शेवटी एक ठेंगणं ताट गावलं, आणि तोंडात तोच वास भरला. अजून पाच वर्सं राबावं लागंल, ते लागू दे.

सगळ्यांदेखत मी लोंबी खुडून पदरात बांधली.

"भाभी, ते माझ्या शेतातलं हाय," विजयसिंह म्हणाला.

"हाय की. एवढं एकच न्हेते. बाकीचं पाच एकर तुमच्या लेकाच्या नावानं ऱ्हाऊ द्या."